वय बसतं का? सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाच महिने

अभ्यासिकेचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि सीट अजून सोडलेली नाही.

पत्ता एवढाच: सदाशिव पेठ, पेरूगेटपासून चालत चार-पाच मिनिटं, खाली झेरॉक्सचं दुकान, दोन जिने चढून डावीकडे. या वर्णनात बसणाऱ्या डझनभर तरी जागा निघतील. त्यातल्या कुठल्याही जागेत गेलात तरी फारसा फरक पडेल असं वाटत नाही.

मी एमपीएससी करत नाही. वय 41. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने फॉर्म पुढे सरकवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि खरोखरच काळजीने विचारलं, "मॅडम, वय बसतं का?" खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43, हे त्याला स्वतःच्या मोबाइल नंबरासारखं पाठ. मी म्हटलं, "परीक्षा नाही द्यायची. लिहायचंय." "म्हणजे मेन्स," तो म्हणाला, आणि 'मुख्य' समोरच्या चौकटीत टिक केली. दुरुस्त करायला गेले असते तर कादंबरी म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती. मागे रांग होती. दप्तरी मी आजही राज्यसेवा मुख्यची उमेदवार आहे, आणि त्या टिकेचा पुढे उपयोग झाला. ते येईलच.

आधी पैशाचं. माझी पहिली कादंबरी दोन वर्षांपूर्वी आली. बार्शीची एसटी कॉलनी, कंडक्टर वडील, तिकिटांच्या पेटीचा वास, असा सगळा घरचाच ऐवज. 500 प्रती छापल्या, किंमत 350 रुपये, मानधन दहा टक्के. दोन वर्षांनी हिशेबाचा कागद आला: 286 प्रती, 10,010 रुपये. नवरा म्हणाला, "वर दहा रुपये शकुनाचे." हे पैसे किराण्यात जाऊ द्यायचे नाहीत, पहिलीच्या पैशावर दुसरी लिहायची, असं मी ठरवलं. अभ्यासिकेचे दर असे: नॉन-एसी हॉल, सकाळचं सत्र सात ते एक, 1,100 रुपये. लॉकरचे 100. अनामत 500, ती मात्र किराण्यातूनच काढली. म्हणजे महिन्याला 1,200. आठ महिन्यांचे 9,600, उरले 410, दिवसाला चाळीस धरले तर दहा दिवस. 1 नोव्हेंबरला बसले. 10 जुलैला माझी पहिली कादंबरी संपते.

घरी का नाही लिहीत, असं विचारणाऱ्यांनी धायरीला आमच्या वन बीएचकेमध्ये एक सकाळ काढावी. जेवणाच्या टेबलावर वही उघडली की सासूबाई शेजारी परात ठेवतात. "विचारच करतेयस ना, मग हात मोकळेच आहेत. एवढे मटार सोल." त्यांचं चूक नाही. बाहेरून बघणाऱ्याला मी रिकामीच दिसते. कॅफे करून बघितला. 220 रुपयांची कॉफी दोन तास पुरवायची म्हणजे शेवटचा घोट गार होऊन त्यावर साय धरते, आणि वेटर दर वीस मिनिटांनी 'एनिथिंग एल्स' विचारतो. पुणे नगर वाचन मंदिराची मी सभासद आहे. 1848 सालची संस्था, माझा तिच्यावर जीव आहे, पण तिथे गेले की दुसऱ्यांची पुस्तकं काढून वाचत बसते, आणि संध्याकाळी बसमध्ये आपण लिहिण्यातलं काही करत होतो असं स्वतःला पटवून देते.

आणि दुसऱ्या पुस्तकाची म्हणून एक अडचण असतेच. पहिल्याच्या वेळी कुणी आपली वाट बघत नाहीये, हे मला माहीतच नव्हतं.

आता जागा. हॉलमध्ये 64 सीट. प्लायवूडची खोकी, आतून पांढरा सनमायका, प्रत्येक खोक्यात एक प्लग, एक एलईडी पट्टी, वर वीतभर फळी. उजेड उत्तम, याचे पूर्ण गुण. खुर्च्या प्लास्टिकच्या, उशी घरून न्या. माझी सीट 31, खिडकीजवळ. खिडकीतून शेजारच्या वाड्याचं कौल आणि एक पाण्याची टाकी दिसते, बाकी काही नाही, आणि लिहायला याहून जास्त काही दिसू नयेच. सनमायक्यावर माझ्या आधीच्या कुणीतरी निळ्या पेनाने लिहून ठेवलंय, "पीएसआय 2019 होणारच". खाली वेगळ्या अक्षरात, काळ्या पेनाने: "झाला का?" त्याच्याही खाली पेन्सिलीने, बारीक: "तलाठी."

पंखे सहा. दरवाजापासून तिसरा, तिसऱ्या नंबरवर टाकला की कुत्र्याच्या पिल्लासारखा रडतो. दोनवर गप्प असतो, पण कुणीतरी बाहेरून घामाघूम येतं आणि तीनवर टाकतं. पाण्याच्या मशीनवरचा फिल्टर बदलायचा लाल दिवा नोव्हेंबरपासून लागलेला आहे. मी घरून बाटली नेते. मुलींसाठी स्वच्छतागृह एकच, आणि त्याची कडी मोडकी. त्यावर मुलींनीच तोडगा काढलाय: आत जाणारीने बाहेरच्या खिळ्याला ओढणी अडकवायची. ज्या जीन्सवर येतात त्यांच्यासाठी तिथे एक सार्वजनिक ओढणी कायमची ठेवलेली आहे, पिवळी, बांधणीची. कडी बसवायला दोनशे रुपये लागतील. मी स्वतः द्यायला निघाले होते. मालक म्हणाले, "मॅडम, करतो ना." हे डिसेंबरात.

जिना हा गमतीचा विषय नाही. जिना एकच आहे, अरुंद, आणि त्यात शंभरेक चपला-बूट पडलेले असतात. खाली तोंडाशी दुचाक्या. दिल्लीत जुलै 2024 मध्ये तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी भरून तीन विद्यार्थी गेले. आमची अभ्यासिका तळघरात नाही, पण शॉर्टसर्किट झालं तर 64 जण त्या चपलांवरून कसे उतरणार? मी मालकांना जाऊन सांगितलं. त्यांनी गांभीर्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पाटी लावली: "जिन्यात चपला काढू नयेत. काढल्यास गहाळ झाल्यास आम्ही जबाबदार नाही." पाटीच्या बरोब्बर खाली आता सर्वात मोठा ढीग असतो, कारण तिथे दिवा आहे. तुम्ही कुठलीही अभ्यासिका बघायला गेलात तर आधी दुसरा जिना कुठाय ते विचारा, वायफायचा पासवर्ड नंतर.

शांतता मात्र अस्सल. इतकी, की तिसऱ्याच दिवशी माझ्या लॅपटॉपवर पिवळी चिठ्ठी चिकटलेली मिळाली: "ताई, कीबोर्डचा आवाज येतो. प्लीज." लॅपटॉपवाल्यांसाठी एसी हॉल आहे, तो 1,700 ला. माझं गणित दहा रुपयांवर आलेलं, 1,700 कुठून आणू? त्या दिवशी मी खोक्यात दोन तास नुसती बसून राहिले आणि मग खाली झेरॉक्सच्या दुकानात गेले.

तिथे मला उत्तरपत्रिका सापडली. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तेव्हापासून पेठेत या सरावाच्या वह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे दिसतात. 40 पानं, मधोमध दोन पिना, 40 रुपये. डावीकडे लाल समास, त्यात उभ्या अक्षरांत "या समासात काहीही लिहू नये". वर 'प्रश्न क्रमांक'ची चौकट, खाली उजव्या कोपऱ्यात 'गुण'ची. कागद जरा खरखरीत, पण शाई फुटत नाही. माझी दुसरी कादंबरी यावर चालली आहे. प्रकरणाचा आकडा प्रश्न क्रमांकाच्या चौकटीत टाकते. गुणांची चौकट सुरुवातीला रिकामी सोडायचे. हल्ली दिवस संपला की एक आकडा टाकून मोकळी होते. सर्वात जास्त आजवर दहापैकी सहा, फेब्रुवारीत एकदा. लॅपटॉपवर मी पहिला परिच्छेद तीस वेळा पुसून लिहीत होते. इथे पुसता येत नाही, खोडता येतं, आणि खोडलेलं दिसत राहतं, त्यामुळे लाजेने का होईना, पुढे जायला होतं.

पुढे कसं जायचं हे शिकवलं 30 नंबरने. इथे नावं फारशी चालत नाहीत, सीटने ओळखतात. 30 नंबर परभणीची, वय सव्वीस-सत्तावीस. पहिल्या आठवड्यात चहाला खाली उतरलो तेव्हा तिने विचारलं, "ताई, कितवा अटेम्प्ट?"

"दुसरा."

"पहिल्यात काय झालं?"

"286."

"आउट ऑफ?"

"पाचशे."

ती चहाचा ग्लास फिरवत विचार करत राहिली. "वाईट नाही," म्हणाली. "कट-ऑफच्या जवळ आहात. सोडू नका."

मी स्वारगेटला बसमधून उतरून टिळक रस्त्याने चालत येते. वाटेत महाराष्ट्र साहित्य परिषद लागते, 1906 पासूनची. तिथे आणि इतरत्रही, कार्यक्रमांना भेटणारी माणसं प्रेमळ असतात, "नवीन काय?" विचारतात आणि उत्तर येईपर्यंत खांद्यावरून पलीकडे बघतात. 286 हा आकडा मी त्यांच्यापैकी कुणालाही सांगितलेला नाही. या मुलीला चहाच्या टपरीवर, ओळख होऊन चार दिवस झालेले असताना सांगितला, आणि तिने तो मार्कांसारखा घेतला.

ती सरावाला बसते तेव्हा फोन मांडीवर ठेवून गजर लावते, नऊ मिनिटांचा, नुसता थरथरणारा. तीन तासांत वीस प्रश्न, म्हणजे एकाला नऊ मिनिटं. नऊ मिनिटं पेन उचलत नाही. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी टाकते, हात झटकते, बोटं मोडते आणि पुढचा प्रश्न. प्लायवूडमधून तो थरथराट मला ऐकू येतो. डिसेंबरपासून मी तिच्या गजरावर लिहायला लागले. एक गजर, एक तुकडा. अर्धवट राहिलेल्या वाक्यापाशी परत जायला दुसऱ्या दिवशी फार बरं पडतं, याचं कारण मला देता येणार नाही. एकदा तिने माझं पान मागून घेतलं, वाचलं, आणि सवयीने तीन शब्दांखाली रेघा मारल्या. "हे कीवर्ड. पण ताई, सुरुवातीला एवढं पावसाचं वर्णन कशाला? परीक्षकाला कळतं, की मुद्दा आठवत नाहीये." खरंच आठवत नव्हता. पाऊस काढून टाकला.

साहित्य तिला माझ्यापेक्षा जास्त येतं, फक्त वेगळ्या प्रकारे. मराठीतले ज्ञानपीठ? "चार. खांडेकर 74, कुसुमाग्रज 87, करंदीकर 2003, नेमाडे 2014." अभिजात दर्जा? "3 ऑक्टोबर 2024." संमेलन? "98वं दिल्ली, 99वं सातारा." यातलं वाचलं किती, असं विचारलं तर हसली. "पोस्ट निघाली की वाचणार ना." मग जरा घाबरून, "तुमचं पुस्तक चालू घडामोडीत येईल का हो?" मी म्हटलं, अजिबात नाही. "बरं झालं. आधीच खूप आहे."

एक प्रसंग लिहू की नको, ठरत नव्हतं. माझं पोट मुद्रितशोधनावर आहे. पुस्तकं कमी, गाइडं जास्त. पानामागे 15 रुपये. जानेवारीत एका सकाळी 47 नंबर चहाला गेला होता, त्याचं गाइड टेबलावर उघडं होतं आणि मुखपृष्ठ मी दुरूनही ओळखलं असतं, कारण त्याची दोन्ही प्रुफं मीच वाचली होती. जवळ जाऊन बघितलं. पहिलं ग्रंथकार संमेलन, पुणे, अध्यक्ष न्यायमूर्ती रानडे, आणि साल छापलं होतं 1887. हवं 1878. त्याने लाल पेनाने गोल केला होता आणि समासात लिहिलं होतं, "चूक. वाचणारा झोपला होता का?"

झोपला नव्हता, झोपली होती. ते पान रात्री दीडला वाचलेलं मला आठवतं, मुलाला ताप होता. 47 नंबर परत आला तेव्हा मी त्याला म्हटलं, चल, चहा पाजते. तो म्हणाला, आत्ताच घेऊन आलो. मी म्हटलं, अजून एक घे. का, ते त्याला अजून कळलेलं नाही.

दुसरी कादंबरी छापखान्यातल्या जुळाऱ्याची आहे, हे इथवर सांगितलं नव्हतं. बार्शीतला छापखाना, ऑफसेट यायच्या आधीचा काळ, शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर. तीन महिने तो माणूस माझ्या पानांवर नुसता उभा होता. खिळे उचलायचा, ठेवायचा, कुणाशी बोलायचा नाही. देवनागरीच्या शेकडो खणांतून हाताच्या सवयीने खिळा काढणारा माणूस, त्याला काय होऊ शकतं, हेच मला सुचत नव्हतं. त्या सकाळी सुचलं. लग्नपत्रिकेत त्याच्या हातून सात आणि आठ उलटे बसतात. खिळे जुळवायच्या पट्टीत, स्टिकमध्ये, अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात, तो ती तशीच वाचतो, त्याच्या डोळ्याला ते बरोबरच दिसतं. तिथी चुकते, पाहुणे चुकीच्या दिवशी येतात. एक वाजेपर्यंत अकरा पानं झाली. गुण सहा दिले तो दिवस हा नव्हे. या दिवशी आकडा टाकायचं विसरले.

आता मुख्य तक्रार. पूर्वपरीक्षा जवळ आली की अभ्यासिका फुगते. जिन्यावर मुलं बसतात, पायरीवर कंपास. अशाच एका सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पोचले तर 31 वर एक मुलगा, माझ्या उशीवर. महिन्याचे पैसे भरलेले, पावती माझ्याकडे. मालक म्हणाले, "मॅडम, तुमची काही परीक्षा नाही. पंधरा दिवस ॲडजस्ट करा." मी ॲडजस्ट केलं, आणि याचाच मला राग आहे. मनात कुठेतरी मलाही पटलं, की खरंच, माझी काही परीक्षा नाही. 58 वर बसले, रडक्या पंख्याखाली, ओढणीच्या दारासमोर. सहा दिवसांत तीन पानं. पैसे कमी करा म्हटलं तर मालकांनी चहा मागवला.

सातव्या दिवशी 30 नंबर काउंटरवर गेली. मी मागेच उभी होते. ती म्हणाली, "सर, ताईंची मेन्स आहे." मालक म्हणाले, त्या परीक्षा देत नाहीत. तिने काउंटरवरच्या मुलाला फॉर्मची फाइल काढायला लावली. फॉर्म निघाला. 'मुख्य' समोर टिक, मुलाच्याच हातची. मालकांनी फॉर्म बघितला, मला बघितलं, वय बघितलं असावं. "मग आधी सांगायचं ना मॅडम," म्हणाले. साडेआठला 31 परत माझी. त्या मुलाला 58 मिळाली आणि मला वाईट वाटलं, पण उशी मी मागून घेतली.

कुणाला चालेल ही जागा? ज्यांना संवाद मोठ्याने म्हणून बघायची सवय आहे त्यांना नाही. मी त्यासाठी गच्चीवर जाते आणि तिथे पाठांतर करणाऱ्यांच्या गर्दीत खपून जाते. कवींना महाग पडेल. दुपारी जेवायला बाहेर पडणार असाल तर आसपास मेस भरपूर आहेत, आमटी सगळीकडे पातळ. पहाटे सहाला सीट पकडायची सवय असलेल्यांनी राखीव सीटचे पैसे भरूच नयेत, बिनराखीव तीनशेने स्वस्त पडते. आणि घरी कुणी विचारलं, कुठे चाललीस, तर "अभ्यासिकेत" या उत्तरावर पुढचा प्रश्न येत नाही. सासूबाई आता शेजारणीला सांगतात, "तिची परीक्षा आहे."

पाचपैकी साडेतीन तारे. एक कापला जिन्यासाठी, अर्धा कडीसाठी. पंख्याचं मी सोडून दिलं.

आजवर सात वह्या भरल्या. त्यातल्या दोन टाकण्याच्या लायकीच्या आहेत, कुठल्या दोन ते अजून ठरत नाही. शिल्लक 4,010 रुपये. सीट हवी असेल तर महिन्याच्या 25 तारखेनंतर सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा सोडणाऱ्यांची नावं कळतात. खिडकीजवळच्या आणखी दोन आहेत, 12 आणि 49. 31 मागू नका, ती 10 जुलैपर्यंत माझी आहे.